कोड उघडेपर्यंत

गोवराच्या लशीच्या एका चाचणीत मी प्रयोगशाळेच्या बाजूने काम केलं. ज्या बाळांवर ती चाचणी चालली होती, त्यांतलं एकही मी पाहिलेलं नाही. माझ्यापर्यंत पोहोचायच्या त्या नळ्या. प्रत्येकीत जेमतेम अर्धा मिलिलिटर सीरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव, कधी त्याहूनही कमी, आणि वर चिकटवलेला बारकोड. हे सीरम कोणाचं, लस टोचण्याआधीचं की नंतरचं, बाळ कोणत्या गटातलं, यातलं काही मला ठाऊक नव्हतं आणि चाचणी संपेपर्यंत ठाऊक होऊ द्यायचं नव्हतं. या थेंबभर द्रवात गोवराच्या विषाणूला अडवायची ताकद किती, एवढंच मोजायचं होतं. लशीच्या संशोधनातला हा मधला टप्पा सहसा कुणाला दिसत नाही. सुई टोचताना दिसते, शेवटी टक्केवारी छापून येते, आणि मधे काय होतं ते आत काम करणाऱ्यांपाशीच राहतं. म्हणून लिहिते आहे.

अभ्यासाचा प्रश्न ऐकायला साधा होता. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत आईची प्रतिपिंडं वारेतून बाळाकडे जातात आणि जन्मानंतर काही महिने त्याला राखतात. मग ती हळूहळू विरत जातात. ती भरपूर असतानाच लस दिली, तर लशीतल्या दुबळ्या केलेल्या विषाणूला ती वाढूच देत नाहीत आणि बाळाचं शरीर स्वतः काहीच शिकत नाही. ती पूर्ण संपायची वाट पाहावी, तर मधल्या काळात बाळ उघड्यावर पडतं. म्हणून बहुतेक ठिकाणी पहिला डोस ९ किंवा १२ महिन्यांना देतात. पण हे गणित बसवलं तेव्हाच्या आयांना लहानपणी खरोखरचा गोवर होऊन गेलेला असे. आताच्या बहुतेक आयांना लस मिळालेली आहे, आणि लशीमुळे तयार होणाऱ्या प्रतिपिंडांची पातळी आजारातून उठलेल्यांपेक्षा कमी असते. त्यामुळे बाळाच्या वाट्यालाही कमी येतं आणि ते लवकर संपतं. मग ६ महिन्यांच्या सुमाराला एक जादा डोस दिला तर? आणि तो दिल्यावर पुढच्या नेहमीच्या डोसांना शरीर तितकाच जोरकस प्रतिसाद देईल, की आधीचा डोस त्याच्या आड येईल?

त्यासाठी दोन गट होते. एका गटाला लवकरचा डोस, दुसऱ्याला त्या वेळी निष्क्रिय द्रव, आणि पुढचे नेहमीचे डोस दोघांनाही ठरल्या वेळी. कोण कुठल्या गटात हे संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलेलं. ठरावीक टप्प्यांवर रक्त घ्यायचं आणि सीरम गोठवून आमच्याकडे पाठवायचं.

कामाला लागण्याआधी आमच्या विभागाच्या मॅडमनी मला काही जुने शोधनिबंध वाचायला दिले. चाचणी कशी करायची याच्या सूचना त्यांत असतील असं मला वाटलं होतं. निघाली ती १९८० च्या दशकाच्या अखेरीची एक हकिगत, जी लस-संशोधनात काम करणाऱ्या प्रत्येकाला माहीत असायला हवी असं मला आता ठामपणे वाटतं.

प्रश्न तेव्हाही हाच होता, की लवकर लस कशी द्यायची. त्यावर उपाय म्हणून एका डोसात विषाणूचं प्रमाण कितीतरी पटींनी वाढवलं. या जादा ताकदीच्या लशीने लहानग्या बाळांच्या रक्तातही प्रतिपिंडं चांगली उतरत होती. कागदावर सगळं उत्तम दिसत होतं. १९८९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिथे गोवराने फार लहान वयात मृत्यू होतात अशा भागांसाठी तिची शिफारसही केली. पण गिनी-बिसाऊ आणि सेनेगलमध्ये काही संशोधक रक्त तपासून थांबले नाहीत. मुलं पुढे जगली की दगावली, हे ते वर्षानुवर्षं घरोघरी जाऊन नोंदवत राहिले. गिनी-बिसाऊमध्ये हे काम पीटर आबी करत होते. या नोंदींत दिसलं, की जादा ताकदीची लस मिळालेल्या मुलींमध्ये मृत्यूचं प्रमाण नेहमीची लस मिळालेल्या मुलींपेक्षा जास्त आहे. त्या मुली गोवराने मरत नव्हत्या, इतर आजारांनी मरत होत्या. हैतीतूनही तसेच संकेत आले. १९९२ मध्ये शिफारस मागे घेतली गेली. यामागचं नेमकं कारण आजही निर्विवादपणे सिद्ध झालेलं नाही.

"प्रतिपिंडं मोजणारीने हे आधी वाचावं," मॅडम म्हणाल्या. "आपला आकडा चांगला आला म्हणजे मूल सुरक्षित, असं कधी धरून चालू नकोस. आणि आपला आकडाच चुकला, तर पुढच्या कशालाच अर्थ नाही."

या दोन वाक्यांच्या मधल्या जागेत माझं पुढचं सगळं काम झालं.

गोवर हा किरकोळ आजार आहे असं म्हणणारे लोक भेटतात, तेव्हा मला शांत राहणं जड जातं. ज्यांना तो कधी झालेला नाही आणि ज्यांना लसही मिळालेली नाही, अशा लोकांत एक रुग्ण साधारण १२ ते १८ जणांना तो देतो. रुग्ण खोलीतून निघून गेल्यावर दोन तासांपर्यंत तिथल्या हवेत विषाणू टिकू शकतो. पुरळ जातं, ताप उतरतो, पण विषाणूने शरीराच्या स्मरणपेशी मारलेल्या असतात. २०१९ मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या ७७ मुलांचं गोवराआधीचं आणि नंतरचं रक्त ताडून पाहिलं, तेव्हा इतर रोगजंतूंविरुद्धच्या त्यांच्या प्रतिपिंडांपैकी ११ ते ७३ टक्के पुसली गेलेली आढळली. आधी जे जे आजार काढून शरीर शहाणं झालं होतं, त्यातलं बरंचसं ते विसरलं. क्वचित एखाद्या मुलाच्या मेंदूत विषाणू वर्षानुवर्षं दडून राहतो आणि नंतर जीव घेतो. त्यावर खात्रीचा इलाज नाही. आणि हे सगळं टाळणारी लस १९६३ पासून हाताशी आहे. १९५४ मध्ये डेव्हिड एडमन्स्टन या शाळकरी मुलाच्या घशातून आणि रक्तातून जॉन एंडर्स आणि थॉमस पीबल्स यांनी जो विषाणू वेगळा केला, त्याचेच वंशज आजच्या बहुतेक लशींत आहेत, आणि विषाणूने एवढ्या वर्षांत त्यांना गुंगारा दिलेला नाही.

प्रतिपिंडं मोजायची सोपी पद्धत आहे, तिला एलायझा म्हणतात. काही तासांत एका प्लेटमध्ये ढीगभर नमुने होतात, माणसाच्या डोळ्याचं कामही फारसं नसतं. आम्ही ती का वापरली नाही, हे सांगायला हवं. एलायझा विषाणूला चिकटणारी सगळी प्रतिपिंडं मोजते, आणि त्यातली बरीचशी विषाणूच्या आतल्या प्रथिनाविरुद्धची असतात. विषाणूला पेशीत शिरण्यापासून रोखणारी प्रतिपिंडं त्याच्या बाहेरच्या प्रथिनांवर बसतात. मोठ्या माणसांच्या सर्वेक्षणात या फरकाने फारसं बिघडत नाही. पण आमच्याकडे ६ महिन्यांची बाळं होती, ज्यांच्या रक्तात आईचं थोडंसंच काही उरलेलं असणार. तिथे एलायझा "काही नाही" म्हणते आणि प्रत्यक्षात लशीला अडवण्याइतकं काहीतरी शिल्लक असतं. म्हणून आम्हाला जुनी, वेळखाऊ पद्धत हवी होती: जिवंत विषाणू, जिवंत पेशी, आणि मधे बाळाचं सीरम.

या पद्धतीचा पाया १९५२ मध्ये रेनातो दुलबेको यांनी घातला. पेशींचा एकसलग थर प्लेटच्या तळाशी वाढवायचा. त्यावर विषाणू सोडायचा आणि वरून घट्टसर द्रव ओतायचा, म्हणजे विषाणूला लांब वाहत जाता येत नाही, तो फक्त शेजारच्या पेशीत शिरू शकतो. काही दिवसांनी जिथे जिथे एकेक विषाणू रुजला, तिथे मेलेल्या पेशींचा एक वर्तुळाकार डाग तयार होतो. रंग टाकला की जिवंत पेशी रंग घेतात आणि थराला कसर लागल्यासारखी भोकं दिसतात. यांना आम्ही प्लाक म्हणतो. सीरममध्ये विषाणूला अडवणारी प्रतिपिंडं असतील, तर प्लाक कमी पडतात. सीरम किती पातळ केल्यावर प्लाक निम्म्यावर येतात, तो त्या सीरमचा टायटर.

सांगायला एवढंच. करायला मात्र कितीतरी बारकावे.

चाचणीतला नमुना हातात पडण्याआधी मला ज्ञात नमुन्यांवर स्वतःला सिद्ध करावं लागलं. ज्यांचे टायटर आधीच ठरलेले आहेत असे नमुने मला कोड लावून देत, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या क्रमाने. माझे आकडे आपसात जुळायला हवेत, ठरलेल्या आकड्याशी जुळायला हवेत आणि दुसऱ्या सहकाऱ्याच्या आकड्यांशीही जुळायला हवेत. पिपेटचा कोन, द्रव भिंतीवरून सोडायचा की मधोमध, प्लेट किती हलवायची, हे सगळं लिहिलेलं असतं आणि तसंच करावं लागतं. आधी मला हा अतिरेक वाटे. पण चौपट-चौपट पातळ करत जाताना पहिल्या पायरीवरचा किंचित फरक शेवटच्या पायरीपर्यंत किती वाढतो, हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिल्यावर त्या लिखित सूचनांबद्दल माझ्या मनात आदर निर्माण झाला.

कामाचा दिवस असा जायचा. सीरम वितळवून ५६ अंशांवर अर्धा तास ठेवायचं, म्हणजे त्यातली प्रतिपिंडांव्यतिरिक्तची काही प्रथिनं, जी स्वतःच विषाणूला इजा करू शकतात, निकामी होतात. मग पायरीपायरीने पातळ करायचं. तोवर विषाणूची कुपी बर्फावर. गोवराचा विषाणू हवेतून पसरण्यात कितीही पटाईत असला, तरी उबेत लवकर मरतो. टेबलावर दहा मिनिटं जास्त राहिला तरी मला धाकधूक व्हायची. सीरम आणि विषाणू एकत्र करून ३७ अंशांवर ठेवायचे, त्यांची गाठ पडू द्यायची. नंतर ते मिश्रण आदल्या दिवशी लावून ठेवलेल्या व्हेरो पेशींवर, म्हणजे माकडाच्या मूत्रपिंडापासून प्रयोगशाळेत वाढवत आणलेल्या पेशींवर. तासाभराने वरचा घट्ट द्रव. आणि मग इन्क्युबेटरचं दार लावून पाचेक दिवस हात बांधून बसायचं.

प्रत्येक खेपेत बाळांच्या सीरमबरोबर काही साक्षीदार असतात. एका रकान्यात नुसत्या पेशी: त्या धडधाकट राहायला हव्यात. एकात सीरमशिवाय विषाणू: तिथे तीसएक प्लाक पडायला हवेत. फार कमी पडले तर निम्मे म्हणजे किती हे धड ठरत नाही, फार जास्त पडले तर ते एकमेकांत मिसळतात. एकात प्रतिपिंडं नसलेलं सीरम. आणि एकात आंतरराष्ट्रीय प्रमाण सीरम, ज्याच्यातल्या प्रतिपिंडांचं मूल्य एककांत ठरवून दिलेलं आहे. आमचा कच्चा टायटर त्या प्रमाणाशी ताडून एककांत बदलला, तरच तो जगातल्या दुसऱ्या प्रयोगशाळेच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. या साक्षीदारांतला एक जरी मर्यादेबाहेर गेला, तरी ती सबंध खेप रद्द. बाळांचे नमुने कितीही छान दिसत असले तरी रद्द. आणि मर्यादा काम सुरू होण्याआधीच लिहून सह्या केलेल्या असतात, त्यामुळे नंतर मन वळवायला जागाच नाही.

मोजणी हा यातला सर्वांत नाजूक भाग. प्रकाशाच्या पेटीवर प्लेट ठेवायची आणि भोकं मोजायची. दोन प्लाक एकमेकांना चिकटलेत, ते एक धरायचे की दोन? हा काठावरचा फिकट डाग प्लाक आहे की पेशी आधीच तिथे विरळ होत्या? नियम आहेत, पण नियम डोळ्यांनी लावायचे असतात. इथेच मला आंधळेपणाने काम करण्याचं मोल कळलं. काही नमुन्यांत पहिल्या पायरीपासूनच प्लाकची गर्दी असे, काहींत अगदी पातळ केल्यावरही रकाना स्वच्छ. स्वच्छ रकाना पाहिला की मन लगेच म्हणतं, हा लशीनंतरचा. त्यापुढचा विचार त्याहून घातक: हा लशीनंतरचा असेल, तर तो फिकट डाग प्लाक नसावा. मला लवकरच्या डोसाला यश मिळावं असं वाटत होतं. कोणाला वाटणार नाही? सहा महिन्यांच्या बाळाला गोवरापासून वाचवायचा मार्ग निघावा ही इच्छा चांगलीच आहे. पण चांगली इच्छासुद्धा डोळ्याला एका बाजूला झुकवते. बारकोडाने माझा डोळा माझ्याच चांगल्या इच्छेपासून जपला. त्यावर दुसरा मोजणारा, जो माझे आकडे न पाहता तीच प्लेट मोजायचा. दोघांत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त फरक आला, तर तिसरा.

एका बाळाचे सगळे टप्प्यांवरचे नमुने एकाच खेपेत बसवलेले असत, म्हणजे खेपेखेपेतला फरक त्यांच्यात येऊ नये. पण त्यांची जागा संगणकाने उलटसुलट केलेली. ही योजना ज्यांनी केली, त्यांना प्रयोगशाळेतल्या माणसांचं मन चांगलं ठाऊक होतं.

मधेच एक काळ असा आला, की पेशींनी साथ सोडली. थर विरळ, प्लाक लहान आणि धूसर, प्रमाण सीरमचा आकडा घसरलेला. लागोपाठ खेपा रद्द झाल्या. विषाणूचा साठा तपासला, तो ठीक होता. इन्क्युबेटरचं तापमान, कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण, पेशींत शिरून बसणाऱ्या मायकोप्लाझ्मा जिवाणूची चाचणी, सगळं झालं. अखेर पेशींना वाढीसाठी घालतो त्या वासराच्या सीरमची नवी खेप आणि जुनी खेप शेजारी शेजारी लावून पाहिली, आणि उत्तर मिळालं. नवी खेप पेशींना मानवत नव्हती. ती परत गेली. दरम्यान मला सर्वांत जास्त लागत होतं ते हे, की प्रत्येक रद्द खेपेत बाळांचं सीरम खर्ची पडत होतं. मोठ्या माणसाकडे पुन्हा रक्त मागता येतं. सहा महिन्यांच्या बाळाचा तो ठरावीक दिवसाचा नमुना पुन्हा कधीच मिळणार नाही, आणि तो मिळवताना ते बाळ रडलेलं असतं, आईने मन घट्ट करून त्याचा हात धरून ठेवलेला असतो. पेशी पूर्ववत झाल्याचं ज्ञात नमुन्यांवर सिद्ध होईपर्यंत मॅडमनी एकही नळी उघडू दिली नाही. वेळापत्रक कोलमडलं, वरून विचारणा आल्या, त्या बधल्या नाहीत. मला तो निर्णय फार मोलाचा वाटतो.

आता तो आकडा, ज्याच्याशी आमचं सगळं येऊन थांबतं: दर मिलिलिटरला १२० मिलि-आंतरराष्ट्रीय एकक. याच्या वर असेल तर गोवरापासून संरक्षण आहे असं धरतात. जगभरच्या अभ्यासांत हा उंबरठा वापरतात. तो कुठून आला हे शोधत गेले, तेव्हा मी थक्क झाले. १९८५ मध्ये अमेरिकेत एका विद्यापीठात गोवराची साथ आली. साथ येण्याच्या थोडंसं आधी तिथे रक्तदान शिबिर झालं होतं. त्यामुळे आजार होण्याआधीचं विद्यार्थ्यांचं रक्त योगायोगाने जपलेलं मिळालं. संशोधकांनी त्यावर आम्ही करतो तीच प्लाकची चाचणी केली. टायटर १२० किंवा त्याहून कमी असलेल्या ९ जणांपैकी ८ जणांना गोवर झाला. १२० च्या वर असलेल्या ७१ जणांपैकी एकालाही गोवराच्या ठरलेल्या व्याख्येत बसणारा आजार झाला नाही. मधल्या पातळीवरच्या काहींची प्रतिपिंडं साथीनंतर चौपट किंवा जास्त वाढलेली आढळली, म्हणजे विषाणू त्यांच्याही शरीरात शिरला होता, पण त्याला फारसं काही करता आलं नाही. हा निबंध १९९० मध्ये प्रसिद्ध झाला. ८० माणसं, एक साथ, एक सुदैवी योगायोग, आणि त्यावर उभा असलेला जगभरचा उंबरठा.

हे वाचून कुणी म्हणेल, मग तो आकडा कच्चाच की. मला तसं वाटत नाही. असा पुरावा मुद्दाम मिळवता येत नाही. मुलांना गोवर होऊ देऊन कोण रक्त तपासणार? उलट जे मिळालं ते किती काळजीपूर्वक वापरलं, याचं मला कौतुक आहे. पण त्यामुळे ११५ आणि १२५ यांच्यामध्ये मृत्यू आणि जीवन यांची सीमा आखलेली आहे असं मात्र मानता येत नाही. जन्मतःच प्रतिपिंडं तयार करू न शकणारी मुलं गोवरातून बहुधा इतरांसारखीच बरी होतात, आणि ज्यांच्या टी-पेशी, म्हणजे विषाणू शिरलेल्या पेशींना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी, सदोष असतात त्यांना तो जीवघेणा ठरू शकतो. म्हणजे शरीराकडे आमच्या प्लेटला न दिसणारं दुसरं बळही आहे. संरक्षण किती काळ टिकतं याचा सर्वांत सुंदर पुरावा तर प्रयोगशाळेत मिळालेलाच नाही. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवर आला आणि जेमतेम आठेक हजार वस्तीतल्या सहा हजारांहून अधिक लोकांना झाला. पीटर पानुम हा तरुण डॅनिश डॉक्टर गावोगाव फिरून नोंदी घेत होता. त्याला आढळलं, की १७८१ च्या साथीत ज्यांना गोवर झाला होता, ते म्हातारे या वेळी वाचले. पासष्ट वर्षांनीही. मधल्या काळात बेटांवर गोवर नव्हता, म्हणजे अधूनमधून उजळणी झाली म्हणून ते वाचले असं म्हणायलाही वाव नाही. वही, पेन्सिल आणि बोटीतून फिरण्याची चिकाटी. गिनी-बिसाऊमध्ये घरोघरी केलेल्या नोंदींनी जे दाखवलं, त्याच जातीचं हे काम.

म्हणून आमच्या अभ्यासात क्षेत्रीय पथकाचं काम माझ्या कामाइतकंच महत्त्वाचं होतं. बाळ आजारी पडलं का, दवाखान्यात दाखल करावं लागलं का, ते कशाने, हे सगळ्या बाळांच्या बाबतीत दोन्ही गटांत सारखंच विचारायचं, मुलगा-मुलगी वेगळं नोंदवायचं. सुरक्षेवर देखरेख करणारी एक स्वतंत्र समिती होती. तिला मधूनच कोड उघडून पाहायचा आणि गरज पडली तर चाचणी थांबवायचा अधिकार होता. आमच्यापैकी कुणालाही नव्हता.

सगळे नमुने मोजून झाल्यावर सुटका होईल असं वाटलं होतं, पण त्यानंतर शंकांच्या याद्या आल्या. या नळीवरची तारीख आणि केंद्रावरची तारीख जुळत नाही. या नमुन्यात रक्तपेशी फुटलेल्या दिसतात, आकडा ग्राह्य धरायचा का. या बाळाचा पहिलाच नमुना अपेक्षेपेक्षा खूप वर का. हे कंटाळवाणं असतं आणि आवश्यक असतं. प्रत्येक शंकेचं उत्तर कोड न उघडता द्यायचं. मगच माहितीचा साठा कुलूपबंद झाला, म्हणजे त्यात आता कुणालाही एक अक्षर बदलता येणार नाही. त्यानंतर कोड उघडले.

आमचे आकडे अहवालात यथावकाश येतील, ते इथे मांडणं योग्य नाही. चित्र कसं होतं, तेवढं सांगते. आईची प्रतिपिंडं जवळजवळ संपलेल्या बाळांनी लवकरच्या डोसाला बरा प्रतिसाद दिला होता. ज्यांच्यात ती अजून बरीच होती, त्यांच्यात लशीचा फारसा ठसा दिसत नव्हता. म्हणजे सहा महिन्यांची सगळी बाळं सारखी नसतात, हे त्या आलेखावर ठिपक्याठिपक्यांनी उमटलं होतं. नेहमीच्या डोसानंतर दोन्ही गटांतली बहुतेक बाळं उंबरठ्याच्या वर गेली. मात्र लवकरचा डोस घेतलेल्यांची पातळी पुढच्या वर्षांत किती टिकते, हा दुसऱ्या प्रश्नाचा खरा भाग, आणि त्याचं उत्तर नंतरच्या वयाच्या नमुन्यांत आहे. तेवढ्यावरून घाईने काही जाहीर करावं असं आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. १९८९ चा धडा सगळ्यांनीच वाचलेला होता.

बाळाचा निकाल कळवू, असं वचन पालकांना संमतीपत्रात दिलेलं होतं. नेहमीच्या डोसानंतरही १२० च्या खाली राहिलेल्या बाळांची यादी तयार झाली. प्लेटवर पाहिलेले ते गर्दीचे रकाने आता कुणाची तरी मुलं होती, आणि त्यांना पुढचा डोस चुकता कामा नये हे सांगायला कुणीतरी त्यांच्या घरी जाणार होतं. प्रत्येक पत्रावर आकडा होता, त्याचा साध्या भाषेतला अर्थ होता, आणि हा आकडा कमी आला म्हणजे बाळात काही दोष आहे असं नाही, हे वाक्य होतं. ते वाक्य घालायचा आग्रह मी धरला होता. पत्रं पाठवायची आणि डोस मिळाला की नाही याचा पाठपुरावा करायची जबाबदारी क्षेत्रीय पथकाने घेतली. माझ्याकडे त्याच नळ्यांत उरलेलं सीरम रुबेलाच्या चाचणीसाठी आलं, त्याचे कोड पुन्हा नव्याने लावून.